सोंग आणि सिंहासन

नटाने राजाचे सोंग आणावे, घटकाभर सिंहासनावर बसावे आणि पडदा पडताच मुकुट पेटीत ठेवून चालते व्हावे, हा रंगभूमीचा जुना रिवाज आहे. प्रेक्षकही तो ओळखून असतात. सोंगाने दिलेले वचन सोंगापुरतेच असते. त्याची वसुली करण्यास कोणी नटाच्या बिऱ्हाडी जात नाही. परंतु तामिळ मुलखात एका नटाच्या बाबतीत हा रिवाज मोडला. पडद्यावरील राजाच्या शब्दावर विसंबून लोकांनी त्याच्या हाती खरे राज्य दिले. हा नट म्हणजे मरुदूर गोपालन रामचंद्रन, अर्थात एम. जी. आर. लोकांनी उधारीवर दिलेल्या या विश्वासाची फेड त्यांनी कितपत केली, हाच त्यांच्या चरित्रातील खरा प्रश्न होय.

रामचंद्रन यांचा जन्म १७ जानेवारी १९१७ रोजी सिंहलद्वीपात कँडीजवळील नावलपिटिय या गावी एका मलयाळी कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई सत्यभामा मुलांना घेऊन कावेरीकाठच्या कुंभकोणम येथे आली. घरची ओढग्रस्त अशी की, शाळा अर्ध्यावर टाकून रामचंद्रन आणि त्यांचे थोरले बंधू चक्रपाणी यांना ‘मदुरै ओरिजिनल बॉइज कंपनी’ या बालनटांच्या नाटकमंडळीत शिरावे लागले. मराठी नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांच्या हकीकती ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांना तेथील जीवनक्रम निराळा सांगावयास नको. पाठांतर, तालमी, गाणे, तलवारीचे हात आणि मंडळीबरोबरची पंगत! सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. भुकेचेही तसेच आहे. हे शिक्षण रामचंद्रन यांना नट होण्यापूर्वीच मिळाले होते.

सन १९३६ मध्ये ‘सती लीलावती’ या बोलपटात पोलीस अंमलदाराची लहानशी भूमिका त्यांच्या वाट्यास आली. दिग्दर्शक होते एलिस डंगन नावाचे अमेरिकन गृहस्थ. त्यानंतर नायकाची भूमिका मिळण्यास मात्र अकरा वर्षे जावी लागली. १९४७ सालच्या ‘राजकुमारी’ने ती मिळवून दिली, आणि त्या बोलपटाच्या संवादलेखनात मु. करुणानिधी या तरुण लेखकाचा हात होता. पुढे ज्यांचे वैर साऱ्या प्रांताने पाहिले, त्यांची ही पहिली सोबत. त्याच सुमाराची एक गोष्ट महाराष्ट्रास विशेष वाटेल. सी. एन. अण्णादुराई यांनी शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकावर तामिळ नाटक लिहिले. त्यातील शिवाजीची भूमिका प्रथम रामचंद्रन यांच्याकडे यावयाची होती. ती त्यांच्याकडून सुटली आणि गणेशन नावाच्या तरुण नटाने केली. ती पाहून पेरियार रामस्वामी यांनी त्यास ‘शिवाजी’ हे नाव दिले, आणि तो ‘शिवाजी गणेशन’ म्हणून विख्यात झाला.

अण्णादुराई यांनी १९४९ मध्ये द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापिला, आणि १९५३ मध्ये रामचंद्रन त्यात दाखल झाले. ज्या समाजात वर्तमानपत्र वाचणारे थोडे आणि तंबूतल्या चित्रपटास जाणारे पुष्कळ, तेथे नटाची वाणी संपादकाच्या लेखणीहून दूर पोहोचते, हे या पक्षाने अचूक हेरले होते. रामचंद्रन यांनीही आपल्या भूमिकांना काटेकोर मर्यादा घालून घेतल्या. त्यांचा नायक मद्यास शिवत नसे, धूम्रपान करीत नसे, आईची आज्ञा मोडीत नसे. तो कधी शेतकरी, कधी कोळी, कधी रिक्षावाला असे, आणि गरिबास नाडणाऱ्याचा समाचार घेतल्यावाचून राहत नसे.

या मूर्तीस पूर्णत्व आले ते १९५८ साली, ‘नाडोडी मन्नन’ या चित्रपटाने. नाडोडी म्हणजे भटका आणि मन्नन म्हणजे राजा. निर्माता, दिग्दर्शक आणि दुहेरी भूमिकेतील नायक, हे सर्व रामचंद्रन स्वतःच होते. जवळची पुंजी तर त्यांनी ओतलीच, शिवाय कर्जही काढले. चित्र चालले तर आपण मन्नन, पडले तर नाडोडी, असे ते म्हणत. राजाशी हुबेहूब साम्य असलेला एक सामान्य मनुष्य काही काळ सिंहासनावर बसतो आणि गरिबांच्या हिताचे कायदे पुकारतो, असे त्याचे कथानक. रामचंद्रन यांच्या चित्रसंस्थेच्या मानचिन्हात स्त्री व पुरुष यांच्या हाती पक्षाचा ध्वज होता; तेव्हा हे कायदे कोणत्या राज्याचे, हे प्रेक्षकांस वेगळे सांगावे लागले नाही. चित्र अफाट चालले, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचे पाऊल स्थिर झाले.

१२ जानेवारी १९६७ रोजी, निवडणूक तोंडावर आलेली असताना, सहनट एम. आर. राधा यांनी त्यांच्यावर गोळी झाडली. ती मानेत शिरली. जीव वाचला, पण आवाज कायमचा बिघडला. मानेस पट्टी बांधलेले त्यांचे चित्र भिंतोभिंती झळकले. रुग्णशय्येवरूनच ते विधानसभेवर निवडून आले आणि पक्षाने मद्रास प्रांताची सत्ता मिळविली. एखाद्या नटाचा आवाज गेला म्हणजे त्याचा व्यवसाय संपला असे समजतात. रामचंद्रन मात्र त्याच अस्पष्ट वाणीने पुढे दहा वर्षे पडद्यावर बोलत राहिले, आणि लोकांनी ती अधिकच जिव्हाळ्याने ऐकली. ‘रिक्षाकारन’ या १९७१ च्या चित्रपटाबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट नटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले.

अण्णादुराई १९६९ मध्ये निवर्तले. मुख्यमंत्री झालेले करुणानिधी आणि पक्षाचे खजिनदार रामचंद्रन यांचे पुढे पटेना. पक्षाच्या हिशेबांचा जाब जाहीरपणे मागितल्यावर ऑक्टोबर १९७२ मध्ये रामचंद्रन यांना पक्षातून काढण्यात आले. त्यांनी त्याच महिन्यात अण्णा द्रमुक हा नवा पक्ष काढला. मे १९७३ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘उलगम सुट्रुम वालिबन’ प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्यात दिंडिगलची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. ३० जून १९७७ रोजी ते मुख्यमंत्री झाले. त्यांनी दिग्दर्शित केलेले तिसरे आणि अखेरचे चित्र जानेवारी १९७८ मध्ये लोकांपुढे आले. त्यात ते पांड्य राजा होते. बाहेर तर राज्य हाती होतेच.

आता वचनाची फेड. १ जुलै १९८२ रोजी त्यांनी खेड्यांतील बालवाड्या व प्राथमिक शाळांतून मुलांस दुपारचे सकस जेवण देण्याची योजना सुरू केली, आणि ती त्याच वर्षी शहरांतही नेली. कामराज यांनी १९५६ मध्ये शालेय भोजनाचा पाया घातला होता. रामचंद्रन यांनी त्यावर लक्षावधी मुले बसतील एवढी पंगत मांडली. खर्च झेपणार नाही, हा मते मिळविण्याचा उद्योग आहे, अशी टीका झाली. बालपणी आपण स्वतः उपाशी राहिलो, त्या अनुभवातून ही योजना निघाली, हे त्यांचे उत्तर होते. योजना टिकली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस प्राथमिक शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा तामिळनाडूचा अनुभव देशापुढे होता. महाराष्ट्रातील शाळांत शिजणारी खिचडीही त्याच वाटेने आली आहे.

परंतु खात्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पडद्यावर ज्याने मद्याचा पेला सहसा उचलला नाही, त्याच्याच राजवटीत १९८१ मध्ये दारूबंदी उठली आणि १९८३ मध्ये मद्यविक्रीचे सरकारी महामंडळ स्थापन झाले. मुलाच्या ताटात पडणारा भात आणि बापाच्या मजुरीतून सरकारजमा होणारा मद्याचा कर, ही दोन्ही एकाच कारभाराची अपत्ये होती. शिवाय पक्ष असा एका मूर्तीभोवती उभा राहिला की, १९८४ मध्ये ते अमेरिकेतील रुग्णालयात असतानाही निवडणूक त्यांच्याच नावावर जिंकली गेली. २४ डिसेंबर १९८७ रोजी ते निवर्तले, आणि पक्ष लागलीच दुभंगला. एका गटाच्या पुढारी त्यांच्या पत्नी जानकी, तर दुसऱ्या गटाच्या जयललिता होत्या. दोघीही कधी काळी त्यांच्या चित्रपटांतील नायिका!

१९८८ मध्ये त्यांस मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला. सुशिक्षित मंडळी या साऱ्यास भाबड्या जनतेची नटभक्ती म्हणून हसण्यावारी नेतात. ते न्याय्य नव्हे. त्या जनतेने मुकुटावर भाळून मत दिले असेल. पण तिने जे मागितले ते मुकुटासारखे खोटे नव्हते. भूक जाणणारा कोणी तरी वर बसावा, एवढेच तिचे मागणे होते. त्या मागण्यापैकी जेवढे ताटात उतरले, तेवढेच रामचंद्रन यांचे खरे राज्य, बाकीचे सोंग.