दूधाधारी मठाच्या भिंती



बदलीवर रायपुरास येऊन आम्हांस बारा वर्षे लोटली, तरी दूधाधारी मठ पाहिला नव्हता. अजिंठ्याच्या सहली मात्र दोन झाल्या! अखेर मातोश्रींनी हट्ट धरला, म्हणून गेलो.

केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून मठास हे नाव पडले. तेथील राममंदिर नागपूरकर भोसल्यांच्या काळचे सांगतात. भिंतींवर रामकथा रंगविलेली आहे. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी या मुलखात आली, पुढे बिंबाजी भोसले १७८७ पर्यंत रतनपुरास होते, एवढा इतिहास आम्हांस पाठ. स्वाऱ्यांपलीकडे आपल्या माणसांचे येथे काही असेल, हे मनात आले नव्हते.

मातोश्रींस अक्षर दिसेनासे झालेले. पण चित्रांजवळ जाऊन त्या एकेक प्रसंग ओळखीत गेल्या. एके ठिकाणी अडल्या, तेव्हा शेजारच्या छत्तीसगढी वृद्धेने तो आपल्या बोलीत पुरा केला. इतक्यात आम्हीच भिंतीस हात टेकला. दोघी एकदमच ओरडल्या!

मंडळाची पुढील सहल तेथेच न्यावी, ही विनंती. वृद्धांस पुढे ठेवावे, आणि आमच्यासारख्यांचे हात भिंतीपासून दूर.