मरियामातेचा वेष व आमची मायबोली

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



गेल्या पन्नास वर्षांचा वृत्तान्त पूर्वीच्या वक्त्यांनी आपणांस सांगितलाच आहे. आम्हांस आज निराळ्याच एका विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. ह्या महोत्सवाच्या स्मरणार्थ मंदिराच्या बाजूच्या वेदीवर मरियामातेचे नवे चित्र बसवावे, असे ठरले आहे. ते कसे असावे ह्याविषयी मात्र एकमत नाही. मातेस लुगडे नेसलेली दाखवावी, असे काहींचे म्हणणे. लहानपणापासून पाहिलेले निळ्या झग्यातील रूपच असू द्यावे, असे इतरांचे म्हणणे. वरवर पाहता हा वाद वस्त्राचा दिसतो. परंतु आपण कोण, कोठून आलो व आपल्या लेकरांच्या हाती काय देऊन जाणार, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

आपल्या ह्या धर्मग्रामात कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी संगमनेर-श्रीरामपूरकडून. पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेली ही माणसे. घर सोडताना मनुष्य फार थोडे बरोबर नेऊ शकतो. शेत नेता येत नाही, विहीर नेता येत नाही. भाषा मात्र जिभेवर बसून येते आणि देवाचे चित्र ट्रंकेत घालून आणता येते. म्हणूनच परक्या मुलुखात गेलेल्या माणसास ह्या दोन वस्तूंचे मोल अधिक वाटते.

पैकी भाषेच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी निर्णय केव्हाच करून ठेविला आहे. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नामक एक इंग्रज येशूसंघीय गोव्यास आले. ते स्वतः परदेशी. तथापि आपली भाषा येथील लोकांवर लादण्याऐवजी त्यांनी येथील भाषा आत्मसात केली. १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला; परंतु त्याचा प्राण मराठी आहे. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द योजिला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेचा वापर बंद करण्याचे फर्मान काढले, तरी घराघरांतून ती भाषा नाहीशी झाली नाही. आज वांद्र्याच्या डोंगरावरील मातेस आपण मोत माउली म्हणतो, हरेगावच्या मातेस मतमाउली म्हणतो. माउली हा शब्द ज्ञानोबांच्या वारकऱ्यांच्या मुखीही आहे. तो उच्चारताना आपल्या श्रद्धेस बाध येतो असे कोणास वाटले आहे काय? कानाने जे स्वीकारले, ते डोळ्याने का स्वीकारू नये, एवढाच प्रश्न आता उरतो.

हा प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्याची किंमत देऊन सोडविला, त्या चित्रकाराची ओळख आपल्या तरुण मंडळीस असावयास हवी. अँजेलो द फोन्सेका ह्यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव बेटावर झाला. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या हाताखाली शिकले. पातळ जलरंगांचे थर एकावर एक चढवून सौम्य, धूसर छटा साधण्याची तेथील पद्धत त्यांनी उचलली. गोव्यास परतल्यावर त्यांनी ख्रिस्तचरित्र भारतीय रूपात रंगविले. त्यांची मरिया साडी नेसते, तिचा वर्ण गव्हाळ आहे, तिची चर्या आपल्या घरच्या सुनेसारखी आहे.

हे त्या काळच्या समाजास रुचले नाही. युरोपीय रूपाखेरीज पवित्र रूप असूच शकत नाही, अशी तेथे पक्की समजूत होती. फोन्सेकांवर टीका झाली व त्यांनी गोवा सोडला. ते पुण्यास आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. हा आश्रम कॅथलिक नव्हे, अँग्लिकन पंथाचा. १९२२ साली जॅक विन्स्लो ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने तो संघ स्थापिला होता. गोव्यात पोर्तुगालची सत्ता १९६१ पर्यंत होती. म्हणजे पुण्यात राहणारे फोन्सेका दीर्घकाळ दुसऱ्या राज्यातून आलेले परके गृहस्थ होते. येथे त्यांनी शेकडो चित्रे काढिली. मुंबईतील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास ह्यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांस उत्तेजन दिले. १९६७ साली पुण्यातच त्यांचा अंत झाला. पुढे त्यांच्या पत्नीने जतन केलेला चित्रसंग्रह पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रास दिला. ज्या भूमीतून चित्रकारास बाहेर पडावे लागले, त्या भूमीत त्याची चित्रे मानाने परत गेली.

आता आक्षेपांकडे वळू. मरिया नाझरेथची यहुदी कन्या होती, तिला लुगडे नेसविणे इतिहासाला धरून नाही, असे म्हटले जाते. हे खरे आहे. परंतु निळा झगाही इतिहासाला धरून नाही. राफाएलची मरिया इटालियन स्त्री दिसते. फ्लँडर्सच्या चित्रकारांनी तिला आपल्याच देशाच्या घरात बसविले. मेक्सिकोतील ग्वादालूपेची माता तेथील मूळ रहिवाशांसारखी सावळी आहे, आणि १५३१ साली ती हुआन दिएगोशी त्याच्याच नाहुआत्ल भाषेत बोलली, अशी परंपरा आहे. प्रत्येक राष्ट्राने तिला आपली म्हटले. आपणच तेवढे दुसऱ्याच्या आईकडे पाहत उभे राहावे काय? ख्रिस्तसभेचे मतही येथे स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज मान्य केला, त्यात ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली स्वतःची म्हणून पत्करलेली नाही, असे सांगितले आहे. लोकभाषेतील मिस्सेचा मार्गही त्याच दस्तऐवजाने मोकळा केला.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ज्या जुन्या चित्रापुढे आपल्या आजीने आजारी नातवासाठी गुडघे टेकिले, ते काढून टाकावयाचे काय? मुळीच नाही. त्या चित्रावर अनेकांचे अश्रू सांडले आहेत. तेही आता परके उरले नाही. ते आपल्या जागी राहील. नवे चित्र त्याच्या शेजारी येईल, त्याच्या विरुद्ध नव्हे.

तिसरा प्रश्न एका आजीबाईंनी आम्हांस विचारिला: "फादर, लुगडे खरे, पण कोणाचे? वसईचे की घाटावरचे?" ह्या प्रश्नावर काही मंडळी हसली, आम्हांस मात्र तो अत्यंत शहाणपणाचा वाटला. आपला म्हणून जो वेष निवडू, तोही शेजारच्यास परका वाटू शकतो. तेव्हा चित्रकारास सूचना देण्यापूर्वी तिन्ही भागांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस एकत्र बसवावे व त्यांचा विचार घ्यावा, अशी आमची समितीस विनंती आहे.

आणखी एक गोष्ट कठोर वाटली तरी बोलली पाहिजे. वेदीवरील मातेने लुगडे नेसले आणि घरात जपमाळेची मराठी प्रार्थना बंद पडली, तर ते लुगडे नाटकातील पोशाखाप्रमाणे होईल. आपली मुले आज कुवेत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे जात आहेत. त्यांच्या वडिलांनी गाव सोडले, ती देश सोडीत आहेत. तेथे त्यांची लेकरे कोणत्या भाषेत बोलतील ते आपल्या हाती नाही. परंतु ‘नमो मरिये’ हे शब्द आजीच्या तोंडून एकदा तरी त्यांच्या कानी पडतील की नाही, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

म्हणून आमची सूचना अशी. महोत्सवाच्या ह्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने सायंकाळची जपमाळ मराठीत म्हणावी. कोणी आपली वाडवळी, कोणी सामवेदी, कोणी कोंकणी बोलीत म्हणेल, तर तीही मातेस तितकीच कळते. नवे चित्र तयार होताच त्याची लहान प्रत परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलामुलीकडे धाडावी, आणि प्रतीच्या पाठीमागे आजीआजोबांनी स्वहस्ते मराठीत चार ओळी लिहाव्यात. अक्षर वळणदार नसले तरी चालेल.

परमेश्वर आपल्या ह्या धर्मग्रामास पुढील पन्नास वर्षांसाठी आशीर्वादित करो, आणि घरी असलेल्या व दूर गेलेल्या आपल्या सर्व लेकरांस माउली आपल्या पदराखाली घेवो. आमेन.