पद्मासन : अर्थ, लाभ आणि अभ्यास

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आसनांविषयी बोला असे सांगितले. आसने चौऱ्याऐंशी म्हणतात. त्या सगळ्यांविषयी एका संध्याकाळी बोलणे शक्य नाही आणि माझा तेवढा अधिकारही नाही. म्हणून एकच आसन निवडले आहे. ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे, कारण समोर तथागतांची मूर्ती त्याच आसनात बसलेली आहे. पद्मासन.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. पद्म म्हणजे कमळ. दोन्ही पाय एकमेकांत गुंफले, तळवे मांड्यांवर वर वळले की कमळाच्या पाकळ्यांसारखे दिसतात म्हणून पद्मासन. परंतु पाली सुत्तांत भगवान बुद्ध ध्यानाला बसतात तेव्हा हा शब्द येत नाही. तेथे शब्द येतो ‘पल्लंक’. पल्लंक घालून, शरीर ताठ ठेवून, स्मृती समोर जागी करून भिक्षू बसतो, अशा अर्थाचे वर्णन सतिपट्ठान आणि आनापानसति या दोन्ही सुत्तांत आहे. पल्लंक म्हणजे संस्कृतातील पर्यंक. आपल्या घरातला पलंग त्याच घराण्यातला! मराठीत मात्र आपण साधे ‘मांडी घालणे’ म्हणतो, आणि मला वाटते पल्लंक शब्दाला सर्वांत जवळचा शब्द तोच आहे. पुष्कळांचा समज असतो की पद्मासन जमले तरच ध्यान होते. सुत्तात बसण्याच्या तपशिलाला जागा किती दिली आहे ते पाहा. जेमतेम अर्धे वाक्य. बाकी सारे सुत्त श्वास, वेदना आणि चित्त यांच्यावर आहे.

मूर्तींकडेही नीट पाहा. आपल्याकडील अनेक विहारांत थायलंडहून दान म्हणून आलेल्या मूर्ती आहेत. त्यांपैकी बऱ्याच मूर्तींत उजवा पाय डाव्या पायावर नुसता ठेवलेला आहे, एकच तळवा वर दिसतो. श्रीलंकेतही तशा मूर्ती पुष्कळ. म्हणजे ती अर्धी मांडी झाली. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात स्तूपावर जे बुद्ध कोरले आहेत ते तर दोन्ही पाय खाली सोडून बसले आहेत. वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यातही तसेच. ती उपदेशाची मुद्रा आहे, ध्यानाची नव्हे, हे मला मान्य आहे. पण पाय खाली सोडून बसणे आपल्या पूर्वजांना कमीपणाचे वाटले नव्हते एवढे तरी त्यावरून दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता लाभ. हठप्रदीपिकेसारख्या ग्रंथात पद्मासन सर्व व्याधींचा नाश करते असे म्हटलेले आहे. आजकालच्या काही छोट्या पुस्तकांत तर मधुमेहापासून दम्यापर्यंतची यादीच असते. मित्रहो, केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले होते? ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. तोच नियम येथेही लावा. पद्मासनाने मधुमेह बरा होतो असे मी तुम्हाला सांगणार नाही, आणि कोणी त्यासाठी औषध बंद करू नये. पण जे लाभ स्वतः बसून कोणालाही पडताळता येतात ते सांगतो. दोन गुडघे आणि बैठक मिळून जमिनीवर त्रिकोण होतो, बैठक रुंद होते, शरीर डोलत नाही. कंबर पुढे कलते, त्यामुळे पाठीचा कणा फारसे बळ न लावता सरळ राहतो. कणा सरळ राहिला की पोट दबत नाही, श्वासपटलाला वर-खाली व्हायला जागा मिळते आणि श्वास आपोआप संथ होतो. पाठ वाकवून बसलेल्याला झोप लवकर येते, ताठ बसलेल्याला उशिरा. पतंजलींनीही आसनाची व्याख्या करताना एवढेच मागितले की ते स्थिर असावे आणि सुखकर असावे. विद्यार्थ्यांनी यातील ‘सुखकर’ हा शब्द विसरू नये.

मी तो विसरलो होतो. त्याची किंमत सांगतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका योगशिबिराला गेलो होतो. आयुष्यभर शाळेत उभे राहून शिकवलेले, मांडी घालण्याची सवय जेवणापुरती. उजवा पाय बसला, डावा काही बसेना. शिकवणाऱ्याने गुडघ्यावर हात ठेवून तो खाली दाबला. आतून एक बारीक आवाज आला. लाजेखातर मी ओरडलो नाही, उलट हसलो! त्यानंतर दोन महिने मला जिना चढता आला नाही. डॉक्टरांनी सांगितले की गुडघ्यातील कूर्चेच्या चकतीला इजा झाली आहे. त्यांनी समजावले ते मी आज तुम्हाला समजावतो, कारण या भाषणात तेवढेच एक सर्वांत उपयोगी आहे. गुडघा हा मुख्यतः दारासारखा सांधा आहे, उघडतो आणि मिटतो. गोल फिरणारा सांधा मांडीच्या मुळाशी, खुब्यात आहे. पद्मासनातले सगळे वळण खुब्यातून यायला हवे. खुबा फिरला नाही आणि आपण पाय ओढला तर ते वळण गुडघ्यावर पडते, आणि गुडघा ते सोसण्यासाठी घडलेलाच नाही. म्हणून जोर लावून कोणाचा गुडघा दाबू नका आणि कोणाला आपला दाबू देऊ नका.

प्रत्यक्ष अभ्यास असा. पोट रिकामे असावे; जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. सतरंजी अंथरून तिच्यावर घडी केलेली चादर किंवा घोंगडी बैठकीखाली घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात. आधी काही दिवस दोन्ही तळवे एकमेकांना लावून, फुलपाखरासारखे गुडघे हळूहळू हलवावेत. याने खुबा मोकळा होतो. मग साधी मांडी. मग अर्धपद्मासन : उजव्या पायाचा घोटा आणि पाऊल दोन्ही हातांनी धरून, मांडी मुळापासून बाहेर वळवत, पाऊल डाव्या मांडीच्या मुळाशी ठेवावे. गुडघा जमिनीपासून चार बोटे वर राहत असेल तर खाली उशी सरकवावी. येथेच महिना-दोन महिने थांबावे. रोज पाय बदलावा, एकाच बाजूची सवय करू नये. डावा पाय आपण होऊन वर येऊ लागला तरच पूर्ण पद्मासन. न आल्यास काही बिघडत नाही. सुरुवात एका मिनिटापासून करावी. सोडताना हातांनी पाय धरून सोडावा, झटका देऊ नये, मग पाय लांब करून चोळावेत.

मुंग्या येतील. त्या पाय सोडल्यावर थोड्या वेळात गेल्या तर चिंता नाही. पण पाय बधिर होऊन तसाच राहू लागला, किंवा पाऊल उचलताना जड वाटले, तर तेथेच थांबावे. नस दबते आहे. गुडघ्यात आत टोचल्यासारखे दुखले तर त्या क्षणी सोडावे. ते दुखणे सहन करण्यात वीर्य-पारमिता नाही. ज्यांच्या गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना सायटिका आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही फारच सौम्य सांगता. सोण नावाचा भिक्षू राजगृहाजवळ चंक्रमण करता करता तळपायातून रक्त येईपर्यंत चालला आणि निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवणारा. भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? आणखी एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही, पण मला तो अत्यंत प्रिय आहे. मज्झिम निकायातील सेख सुत्तात आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. भगवंतांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला आणि मग आनंदाला म्हणाले की आता पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो. संघाटीची चौपदरी घडी घालून ते उजव्या कुशीवर निजले. सर्वांसमोर. सम्यक् संबुद्धाला पाठ दुखते म्हणण्याची लाज वाटली नाही.

हे मी एवढे विस्ताराने का सांगतो? गेल्या वर्षी आपल्या विहारातल्या रविवारच्या ध्यानाला एक वयस्क बाई यायच्या बंद झाल्या. त्यांनी जन्मभर विड्या वळल्या, त्यावर तीन मुले शिकवली. मी घरी गेलो, विचारले, बाई, का येत नाही? त्या म्हणाल्या, “गुरुजी, मले मांडीच घालता येत नाही. सारे खाली बसतात अन् मी एकटी पायरीवर. पोरं पाहतात. मंग येऊन करू काय?” मी निरुत्तर झालो. वर्षानुवर्षे जमिनीवर बसून ज्यांचे गुडघे गेले, त्यांनाच आपण जमिनीवर बसता येत नाही म्हणून बाहेर ठेवले होते. कोणी मुद्दाम केले नाही हे खरे, पण झाले तसेच.

खुर्चीवर बसायचे असेल तर तेही नीट शिकावे. खुर्ची हात नसलेली, टणक बैठकीची. तिच्या पुढच्या भागावर बसावे, पाठ टेकू नये. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकावेत. न टेकल्यास खाली पाट ठेवावा. हात मांडीवर, उजवा डाव्यावर. बाकी कणा, श्वास, स्मृती सगळे तेच. धर्मानंद कोसंबींचे ‘समाधिमार्ग’ हे 1925 सालचे पुस्तक संस्थेच्या ग्रंथालयात असल्यास विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे, नसल्यास कार्यकारिणीने आणावे.

कार्यकारिणीकडे माझी आणखी एक मागणी आहे, ती अध्यक्षांच्या कानावर आधीच घातली आहे. विहारात बारा खुर्च्या हव्यात. मागच्या भिंतीला लावून नव्हे, रांगेत, इतरांबरोबर. सहा आज आल्या आहेत, त्या तुम्हाला दिसतच आहेत. त्यांपैकी दुसरीवर कोण बसले आहे तेही तुम्ही ओळखले असेल.

आता बोलणे पुरे. विद्यार्थ्यांनी दप्तरे बाजूला ठेवावीत. ज्यांना जमेल त्यांनी अर्धी मांडी घालावी, घडी केलेल्या चादरी दाराशी आहेत. आपण दहा मिनिटे बसू. पाय दुखला तर बदला, कोणी पाहणार नाही, सर्वांचे डोळे मिटलेले असतील.

जयभीम. नमो बुद्धाय.