बॅटमनची चित्रमालिका : पडद्यावरून फडताळांत

कीर्तनकाराचें निरूपण रात्रीं ऐकावें आणि सकाळीं त्यांतील एखादा दृष्टान्त तेवढा मनांत उरावा, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाहीं. बोललेला शब्द वाऱ्याबरोबर जातो. पोथी मात्र फडताळांत राहते आणि वाटेल तेव्हां वाटेल तें पान उघडून वाचतां येतें. टेलिव्हिजनवरील चित्रें पुष्कळ वर्षें त्या बोललेल्या शब्दासारखींच होतीं. ठरल्या वेळीं यंत्रासमोर बसलें तर तीं दिसत. वेळ टळली कीं गेलीं. पुढें तींच चित्रें फितींत आणि तबकडींत बसून घरांत राहावयास आलीं, आणि प्रेक्षकाचें त्यांच्याशीं असलेलें नातेंच पालटलें. हा पालट कसा घडला आणि त्यानें काय साधलें, हें समजून घेण्यास अमेरिकेंतील एका चित्रमालिकेचें उदाहरण फार उपयोगी आहे. ती मालिका म्हणजे ‘बॅटमन : दि ॲनिमेटेड सिरीज’.

बॅटमन हा कल्पित वीर १९३९ सालीं एका अमेरिकन चित्रकथा-मासिकांत जन्मास आला. त्याच्या अंगीं कोणतीहि दैवी शक्ति नाहीं. लहानपणीं आईबापांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला ब्रूस वेन नांवाचा एक धनिक तरुण गॉथम नगरींत रात्रीं वटवाघळाचा वेष घेऊन गुन्हेगारांचा पाठलाग करतो, एवढेंच त्या कथेचें बीज. ह्या बीजावर ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की या दोघांनीं वॉर्नर कंपनीसाठीं जी हलत्या चित्रांची मालिका रचली, ती ५ सप्टेंबर १९९२ रोजीं फॉक्स वाहिनीवर सुरू झाली, आणि १९९५ पर्यंत तिचे ८५ भाग दाखविण्यांत आले. शाळेंतून घरीं परतलेल्या मुलांनीं दुपारीं पाहावी, अशी मुख्यतः तिची योजना होती.

परंतु मुलांसाठीं म्हणून काम हलकें करावें, हा विचार तिच्या कर्त्यांना मान्य नव्हता. पार्श्वचित्रें सामान्यतः पांढऱ्या कागदावर रंगवितात. रॅडोम्स्की यांनीं तीं काळ्या कागदावर रंगविण्याची पद्धति स्वीकारली. म्हणजे प्रथम अंधार, आणि मग त्या अंधारांतून रंगाच्या साहाय्यानें हवा तेवढाच उजेड काढावयाचा. संगीताची व्यवस्था शर्ली वॉकर या संगीतकर्त्रीकडे होती. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं भागाभागासाठीं स्वतंत्र रचना करून ती वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं दिग्दर्शिका अँड्रिया रोमानो शक्य तेव्हां नटांना एकत्र बसवीत, त्यामुळें संभाषणाला नाटकाच्या तालमीचा जिवंतपणा येई. केव्हिन कॉनरॉय या नटानें ब्रूस वेनसाठीं एक आवाज आणि बॅटमनसाठीं दुसरा, असे दोन आवाज एकाच कंठांतून काढले. ‘हार्ट ऑफ आइस’ या भागांत मिस्टर फ्रीझ नांवाचा खलपुरुष येतो. आजारी पत्नीला वांचविण्याची आशा हिरावली गेल्यामुळें मनानें गोठलेला हा शास्त्रज्ञ पाहून मुलांनाहि त्याची कींव येते. या भागाच्या लेखनाला एमी पारितोषिक मिळालें. लेखक होते पॉल डीनी.

आतां अशी ही कृति प्रेक्षकांपुढें प्रथम कशी आली, हें पाहण्यासारखें आहे. प्रक्षेपणाचें वेळापत्रक कलेची सोय पाहत नाहीं. सर्वांत आधीं तयार झालेला भाग ‘ऑन लेदर विंग्ज’ हा होता. पण पहिल्या दिवशीं दाखविला गेला तो ‘दि कॅट अँड दि क्लॉ’ या कथेचा पूर्वार्ध, आणि तिच्या उत्तरार्धासाठीं प्रेक्षकांना एक आठवडा थांबावें लागलें. मधल्या काळांत दुसऱ्याच कथा येऊन गेल्या. याहून मौजेची गोष्ट वेनच्या वृद्ध सेवकाची, आल्फ्रेडची. आरंभींच्या तीन भागांत आल्फ्रेडचा आवाज क्लाइव्ह रेव्हिल यांनीं दिला. पुढें तें काम एफ्रेम झिम्बलिस्ट यांच्याकडे गेलें. तयार झालेल्या क्रमानें पाहिलें तर हा बदल एकदांच होतो. परंतु दुसऱ्या क्रमांकानें बनलेली नाताळची कथा नाताळ जवळ आल्यावर, म्हणजे १३ नोव्हेंबरला, दाखविली गेली. तेव्हां आल्फ्रेडचा आवाज मध्येंच बदलून पुन्हां पूर्वीचा झाल्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. पोथीचीं पानें विस्कटून वाचावयास दिलीं, तर वाचकाचें जें होईल तेंच त्या प्रेक्षकांचें झालें.

घरांत येण्याचा पहिला मार्ग म्हणजे व्हीएचएस पद्धतीची व्हिडिओ फीत. एकेका फितींत थोडेच भाग मावत, आणि सबंध मालिका अशा फितींतून जमविणें हें सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरचें होतें. शिवाय ह्या फितीला सूक्ष्म तपशील धरवत नसे. ज्या चित्रांचें सारें सौंदर्य काळोखांत आहे, त्यांना ही उणीव विशेष बाधक ठरली. काळ्या कागदावर मोठ्या कसबानें उमटविलेली कमान किंवा खिडकी फितीवर नुसत्या मळक्या छायेंत बुडून जाई. तरीहि त्या फितींनीं एक गोष्ट शिकविली, ती ही कीं आवडलेला भाग पुन्हां पाहतां येतो, आणि पुन्हां पाहिल्यावर पहिल्यांदा निसटलेलें कांहींतरी हातीं लागतें.

या घरगुती फितीनें एका चित्रपटाचें तर भाग्यच उजळलें. ‘मास्क ऑफ दि फँटॅझम’ हा या मालिकेंतूनच निघालेला चित्रपट मूळ योजनेप्रमाणें थेट घरगुती फितीसाठीं तयार होत होता. पुढें तो चित्रगृहांत दाखविण्याचें ठरलें आणि २५ डिसेंबर १९९३ रोजीं तो प्रदर्शित झाला. पण तेथें त्याला प्रेक्षक थोडे लाभले. ज्या घरासाठीं तो आरंभीं योजला होता, त्या घरांतच अखेर त्याला मान मिळाला. लोकांनीं तो फितींवर पाहिला, एकमेकांना दाखविला, आणि बॅटमनवरील उत्तम चित्रपटांत त्याची गणना होऊं लागली. २०२३ मध्यें त्याची अतिसूक्ष्म चित्राची नवी आवृत्तीहि निघाली.

मालिकेला पोथीचें खरें रूप आलें तें डीव्हीडी तबकडीमुळें. २००२ सालीं पहिल्या पांच भागांची एक लहान तबकडी निघाली. त्यानंतर जुलै २००४ मध्यें २८ भागांचा पहिला खंड, जानेवारी २००५ मध्यें आणखी २८ भागांचा दुसरा, आणि मे २००५ मध्यें २९ भागांचा तिसरा प्रसिद्ध झाला. याप्रमाणें ८५ भागांची पूर्तता झाली. १९९७ ते १९९९ या काळांत निराळ्या, अधिक साध्या रेखाटनानें केलेल्या पुढील २४ भागांचा चौथा खंड त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आला. हे खंड तयार झालेल्या क्रमानें लावले होते, त्यामुळें आल्फ्रेडचा कंठ एकदांचा स्थिर झाला. कित्येक भागांबरोबर कर्त्यांचें भाष्यहि ऐकावयास मिळालें, म्हणजे मूळ ओंवीखालीं टीका असावी तसें. मालिकेस मान्यता मिळावी म्हणून टिम आणि रॅडोम्स्की यांनीं आरंभीं केलेला लहानसा नमुनाहि पहिल्या खंडांत घातला होता.

क्रमानें आणि सलग पाहतां येऊं लागल्यावर परीक्षणाला धार आली. ‘फीट ऑफ क्ले’ ही दोन भागांची कथा याचा चांगला दाखला आहे. मालिकेचें लेखन आणि योजना अमेरिकेंत होई, पण हलतीं चित्रें काढण्याचें काम परदेशांतील निरनिराळ्या चित्रशाळांकडे जाई. या कथेचा पूर्वार्ध कोरियांतील एकॉम या चित्रशाळेनें, तर उत्तरार्ध जपानांतील टोकियो मूव्ही शिन्शा या संस्थेनें काढला. उत्तरार्धांत मातीच्या देहाचा तो अभागी नट रूपामागून रूप बदलत कोसळतो, तें दृश्य पाहिलें म्हणजे पूर्वार्धांतील ठोकळेबाज हालचाल आणि ही प्रवाही हालचाल यांतील अंतर लहान मुलालाहि कळतें. ज्या कारागिरांचीं नांवें अखेरच्या यादींत भरभर सरकून जात, त्यांच्या हाताची ओळख घरोघर पटूं लागली, ही या तबकड्यांची लहानसहान कामगिरी नव्हे.

पुढची पायरी ब्लू-रे तबकडीची. ऑक्टोबर २०१८ मध्यें सर्व १०९ भाग, ‘मास्क ऑफ दि फँटॅझम’ आणि १९९८ चा ‘सबझीरो’ हा दुसरा चित्रपट, असा एकत्र संच निघाला. चित्रें नव्यानें स्वच्छ करून अधिक सूक्ष्म रूपांत उतरविलीं होतीं. येथें संपादकापुढें नेहमींचाच प्रश्न उभा राहतो : शुद्धीकरण कोठें थांबवावें? आजचे पडदे रुंद आहेत, आणि ही मालिका चारास तीन या जुन्या प्रमाणांत रेखाटलेली आहे. पडदा भरावा म्हणून चित्राचें डोकें किंवा पाय छाटणें सोपें होतें. संपादकांनीं तसें केलें नाहीं. दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहूं दिली, पण चौकट मोडली नाहीं. चांगला संशोधक पोथींतील चूक सुधारतो. पान मोठें आहे म्हणून कवीच्या नांवावर ओळ वाढवीत नाहीं. येथेंहि तोच विवेक दिसला. रॅडोम्स्की यांच्या काळ्या कागदावरील रंगाचे पोत त्यामुळें कित्येकांना प्रथमच नीट दिसले.

कोणी म्हणेल कीं, आतां तारेवरून हवें तें चित्र घरांत येत असतां तबकड्यांचें हें ओझें कशाला? आक्षेप विचारांत घेण्याजोगा आहे. परंतु भाड्यानें मिळणारी वस्तु मालकाच्या मर्जीनें येते आणि मर्जीनें जाते. २०१८ मध्यें या चित्रकथांसाठीं ‘डीसी युनिव्हर्स’ नांवाची स्वतंत्र सेवा सुरू झाली होती; २०२१ च्या आरंभींच तिच्यावरील मालिकांना एचबीओ मॅक्स या दुसऱ्या सेवेकडे बिऱ्हाड हलवावें लागलें. वर्गणीदाराच्या हातीं पाहण्याचा परवाना असतो, कृति नसते. उलट तबकडीहि अमर नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. व्हीएचएस फीत चालविणारीं यंत्रें बनविण्याचें काम २०१६ सालीं अखेरच्या कारखान्यानेंहि थांबविलें, आणि धड असलेल्या फिती यंत्राअभावीं मुक्या झाल्या. म्हणून नुसती वस्तु जपून भागत नाहीं. ती वाचण्याचें साधनहि जपावें लागतें, आणि वेळ येतांच नव्या साधनांत ती उतरवून घ्यावी लागते. जुन्या पोथ्या आपल्यापर्यंत आल्या, त्या कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नकला करीत राहिलें म्हणूनच.

शर्ली वॉकर २००६ सालीं निवर्तल्या. केव्हिन कॉनरॉय यांचा अंत १० नोव्हेंबर २०२२ रोजीं झाला. लहानपणीं दुपारच्या वेळीं तो गंभीर आवाज ऐकलेलीं मुलें तोपर्यंत स्वतः आईबाप झालीं होतीं. त्यांपैकीं ज्यांच्या घरीं हे खंड होते, त्यांना आपल्या मुलांना शेजारीं बसवून पहिला भाग लावतां आला. त्यासाठीं कोणत्याहि वाहिनीच्या वेळापत्रकाची वाट पाहावी लागली नाहीं, कीं कोणत्याहि सेवेची परवानगी घ्यावी लागली नाहीं. घरांतील फडताळाचें काम तें हेंच. मुलांसाठीं म्हणून केलेली, पण मनापासून केलेली एखादी कृति ज्या घराला मोलाची वाटत असेल, त्या घरानें तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि अधूनमधून ती उघडून पाहावी.