डाव्या बगलेचा अर्विन

मँचेस्टर युनायटेड म्हटलं की कँटोना, गिग्ज, बेकहॅम ही नावं ओठांवर येतात. डेनिस अर्विनचं नाव क्वचितच निघतं, आणि याची मला मनापासून खंत वाटते. आयर्लंडमधल्या कॉर्कचा हा बचावपटू 1990 साली ओल्डहॅमकडून युनायटेडमध्ये आला. बारा हंगाम, 529 सामने, लीगची सात विजेतेपदं! मूळचा उजव्या पायाचा, पण खेळला बहुतेक डाव्या बगलेवर. त्यामुळे समोरचा खेळाडू आत वळला, की अर्विनचा भक्कम पाय नेमका तिथेच हजर. पेनल्टी आणि फ्री किकही तो शांतपणे मारायचा.

मे 1999. लिव्हरपूलच्या मैदानावर त्याने पेनल्टीवर गोल केला. पुढे रेषेबाहेर गेलेला चेंडू धावण्याच्या ओघात त्याने पुढे टोलवला आणि त्याला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. एवढ्याशा गोष्टीपायी एफए कपची अंतिम लढत हुकली. पण चारच दिवसांनी, बार्सिलोनात, बायर्न म्युनिकविरुद्धच्या युरोपीय अंतिम सामन्यात डाव्या बगलेवर पुन्हा अर्विनच उभा होता, शेवटच्या शिट्टीपर्यंत.