चालू बॅटरीच्या आत

गंधक स्वस्त आणि मुबलक. लिथियमशी जोडी जमली, तर एक ग्रॅम गंधक तत्त्वतः सुमारे 1670 मिलिअँपिअर-तास विद्युतभार देऊ शकतो. मोबाइलच्या बॅटरीतल्या कोबाल्ट ऑक्साइडच्या कितीतरी पट. अडचण अशी, की बॅटरी चालताना गंधकाची पॉलिसल्फाइडं बनतात, आतल्या द्रवात विरघळतात आणि बॅटरीची क्षमता घटत जाते.

हे नेमकं केव्हा घडतं? पूर्वी बॅटरी थांबवून, उघडून तपासायचे. पण उघडली की आतला माल बदलतोच! म्हणून 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत चालू बॅटरीवरच क्ष-किरण सोडले गेले. डिस्चार्ज संपताना लिथियम सल्फाइडचे स्फटिक दिसतील, ही अपेक्षा; ते दिसलेच नाहीत. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गटाला मात्र ते दिसले. शिवाय चार्जिंगनंतर गंधक मूळ स्फटिकरूपात न येता वेगळ्याच रूपात परतला होता. वाद खराच, पण मला तो उपयोगाचा वाटतो: बॅटरीची बांधणी आणि आतला द्रव बदलला की उत्तरही बदलू शकतं.

क्ष-किरणांच्या या तंत्राला, म्हणजे विवर्तनाला, फक्त स्फटिक दिसतात, विरघळलेलं काही नाही. तिथे वर्णपट कामी येतो. काही द्रावकांत गंधकाच्या तीन अणूंचा एक मूलक तयार होतो, तो गडद निळा. लॅपिस लाझुली या रत्नाचा निळा रंगही त्याचाच! द्रव निळा होत गेला, की प्रकाश किती शोषला जातो यावरून या मूलकाचं प्रमाण क्षणाक्षणाला मोजता येतं.