शेवटचा दट्ट्या



या शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलंत, त्याबद्दल आभारी आहे. सत्काराची शाल अंगावर घेऊन हातांनी शिकण्याबद्दल बोलणं अवघड जातं, म्हणून ती खुर्चीवर ठेवली आहे. आयोजकांनी गैरसमज करून घेऊ नये.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक सकाळ आधी सांगते. साडेतीन वर्षांची एक मुलगी दट्ट्यापेटी घेऊन बसली होती. नव्या मंडळींसाठी सांगायचं तर, लाकडाचा एक लांबट ठोकळा, त्यात कमीजास्त रुंदीच्या दहा खोबण्या, प्रत्येक खोबणीचा ठरलेला एक दट्ट्या आणि दट्ट्याला चिमटीत धरायला वर एक छोटी मूठ. मुलीने सगळे दट्ट्ये काढून चटईवर मांडले आणि एक बारीक दट्ट्या रुंद खोबणीत टाकला. तो आत गेला. खुळखुळला, पण गेला. तिला वाटलं, झालं. पुढचे काही दट्ट्येही असेच भलत्याच घरात शिरले, आणि शेवटी हातात उरला तो जाडजूड दट्ट्या आणि समोर एक अरुंद खोबण. तिने तो दाबून पाहिला. उलटा करून पाहिला. वरून चापट मारून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

माझा हात आपसूक पुढे गेला. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ बाईंनी माझं मनगट धरलं आणि मुलीकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिल्या. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली, कुणी येत नाही म्हटल्यावर सगळे दट्ट्ये पुन्हा बाहेर काढले. तिसऱ्या खेपेला जमलं. जमल्यावर उठेल असं मला वाटलं होतं. तिने पुन्हा सगळे काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खाऊची वेळ टळून गेली होती आणि मला राग आला होता, हे आज कबूल करते.

पुढे वाचनात आलं की डॉ. मारिया माँटेसोरींनाही हेच दिसलं होतं. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिथली एक तीनेक वर्षांची मुलगी चाळीसहून अधिक वेळा दट्ट्ये काढत आणि घालत राहिली. भोवती इतर मुलांनी गाणी म्हटली, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिची मान वर झाली नाही. बाई मुळात डॉक्टर, त्यामुळे बघून नोंद करणं त्यांच्या अंगातच होतं. त्यांनी ताडलं की या ठोकळ्यात शिक्षक आधीच बसवलेला आहे. चूक झाली हे मुलाला ठोकळाच सांगतो. आवाज चढवत नाही, लाल शाई वापरत नाही, आईला बोलावून घेत नाही.

‘बालकेंद्री’ आणि ‘कृतियुक्त’ हे दोन शब्द आपण परिपत्रकांत वापरून वापरून गुळगुळीत केले आहेत. त्यामुळे मी शाळेत गेले की एवढंच बघते की इथे चूक कोण सांगतं. मूल जे करतं आहे तेच त्याला सांगत असेल, तर बाकीचं जमेल. सगळी चूक बाईच सांगत असतील, तर भिंती कितीही रंगीत असोत. आणि ‘मुलांना मोकाट सोडायचं का?’ हा प्रश्न दर परिषदेत येतो, तर त्याचं उत्तर आत्ताच देऊन टाकते: नाही. खोबण्या दहाच असतात, आणि मोकळीक त्या दहांच्या आत असते.

आता ही गोष्ट वेगळ्या वयात, वेगळ्या जागी नेली की काय होतं, ते बघू. आपण जिथे बसलो आहोत तिथून कोसबाडची टेकडी लांब नाही, तेव्हा सुरुवात ताराबाईंपासूनच करायला हवी. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून आलेल्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार उभं केलं. तिथे येणारी मुलं घरून आंघोळ करून, केस विंचरून येत. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. सोबत पस्तिशीच्या अनुताई वाघ. इथे शाळा उघडली म्हणून वस्तीतली मुलं चालत येतील, अशी स्थिती नव्हती. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. तिथली वारली मुलं गुरांमागे रानात जायची, म्हणून बाईही रानात गेल्या आणि कुरणशाळा झाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या मातीतून वर आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या सरकारी योजनेने तो पुढे देशभर नेला. आपल्यापैकी अर्ध्याअधिक जणींच्या ओळखपत्रावर आज तो आहे.

ताराबाईंनी दादरहून बोर्डीला काय आणलं आणि काय मागे ठेवलं, याचा मी खूप वर्षं विचार केला आहे. सुताराकडून घडवलेलं महागडं साहित्य इथे पुरणारं नव्हतं. खडे, शिंपले, चिंचोके, पानं पुरली. पण नुसते चिंचोके पुढ्यात ओतले की झालं, असं मात्र नाही. तिथे बाईला डोकं चालवावं लागतं. चिंचोके मोजायला दिले आणि मुलाने बाराचे चौदा म्हटले, तर चिंचोका काही बोलत नाही, बाईच बोलते. पण बारा खळगे काढून प्रत्येकात एकेक ठेवायला सांगितलं, तर दोन उरले किंवा दोन कमी पडले हे मातीच सांगते. चिंचोका फुकट मिळतो. खळगे काढायची अक्कल मात्र कुणी पेटीत भरून देत नाही.

आता जरा मोठ्या मुलांकडे येऊ. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिकवणारी नयी तालीम आली. चूक सांगण्याच्या बाबतीत टकळी म्हणजे दट्ट्यापेटीची थोरली बहीण. पीळ कमी पडला की धागा सुटतो, जास्त झाला की तुटतो, आणि गुरुजी वर्गात नसले तरी तुटतो. माझ्या पिढीच्या शाळांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशा पाट्या होत्या आणि वेळापत्रकात टकळीचा तास होता. त्या तासाला काय व्हायचं, ते मी स्वतः केलेलं सांगते. गुरुजी महिनाअखेरीस सूत तराजूत घालून मार्क द्यायचे, म्हणून आम्ही लड्या ओल्या करून न्यायचो. धागा चूक सांगत होता, आणि आम्ही ती पाण्यात बुडवून वजनाने वाढवत होतो! एवढा मोठा विचार, पण त्याचा विषय झाला, विषयाचा तास झाला आणि तासाचे मार्क झाले. आमच्या वर्गातल्या एकालाही पीळ कळला नाही.

मध्य प्रदेशात ही चूक ओळखणारी माणसं निघाली. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात चार-चार मुलांच्या टोळ्या स्वतः प्रयोग करत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती. परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. या वयात चूक सांगणारा आणखी एक भिडू येतो, तो म्हणजे सोबती. सातवीच्या वर्गात आम्ही एकदा खोलीची लांबी मोजायला दिली. आठ टोळ्यांची आठ उत्तरं फळ्यावर आली. मी गप्प बसले. पाच मिनिटांत मुलंच भांडू लागली. कुणाची फीत ढिली होती, कुणी शून्याऐवजी एकापासून मोजलं होतं. मोजमापावर तीन तास बोलून मला जे साधलं नसतं, ते त्या भांडणाने साधलं. होशंगाबादचा तो कार्यक्रम तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. परिषदेत आपण यशोगाथाच सांगतो, म्हणून हेही सांगून ठेवते.

पंधरा-सोळाच्या मुलांना दट्ट्ये नको असतात. त्यांना खरं काम हवं असतं. शिरूर तालुक्यातलं पाबळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली, नापास झालेली मुलं तिथे वर्षभर राहतात, वेल्डिंग करतात, शेती आणि जनावरं सांभाळतात, वायरिंग करतात, रक्तगट तपासायला शिकतात. गावाला उपयोगी पडणारी खरी कामं घेतात. तिथे चूक गिऱ्हाईक सांगतं. गेटचा कोन एका अंशाने चुकला तर गेट लागत नाही आणि पैसे मिळत नाहीत. दहावीला भूमितीत पस्तीस न मिळालेला मुलगा काटकोनासाठी तीन-चार-पाचचा दोरा ताणताना पाहिला, की पायथागोरसाचं प्रमेय आपण फळ्यावर एवढी वर्षं का रखडवलं, असं वाटतं.

आणखी एका वयाबद्दल बोलायचं आहे. शिक्षण परिषदेत त्याचं काय काम, असं कुणाला वाटेल. अध्यक्षाला एवढी मुभा असते.

माझ्या आईला शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता. आम्ही भावंडांनी प्रेमापोटी तिच्या हातातलं सगळं काढून घेतलं: विळी, सुई, काडेपेटी, शेवटी निवडायचं तांदळाचं ताटसुद्धा. ‘आई, तू आता आराम कर.’ आई दिवसभर पदराचं टोक गुंडाळत बसायची आणि संध्याकाळ झाली की घरी जायचं म्हणून रडायची. त्या सुमारास वाचनात आलं की अमेरिकेत कॅमरॉन कँप या मानसशास्त्रज्ञाने माँटेसोरींची रीत अशा वृद्धांसाठी वापरली आहे. मी जन्मभर लहान मुलांच्या हातात साहित्य देत आले, आणि घरात मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून तिच्यापुढे ठेवले. तिने एक वाल उचलला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हलकेच दाबला. साल हातात राहिली आणि पांढरी डाळिंबी ताटात उडाली. माझं नाव विसरलेल्या माणसाने पाऊण तासात अर्धा किलो वाल सोलले आणि विचारलं, ‘एवढ्यात कसं भागेल? पंगत किती आहे?’ मी म्हटलं, ‘शंभर पान.’ तिने मान डोलावली आणि हात चालू ठेवले.

इथे मात्र माझं दट्ट्यापेटीचं गणित उलटं फिरवावं लागलं. तीन वर्षांच्या मुलाला चूक कळायला हवी, कारण पुढच्या खेपेला ते सुधारणार असतं. आईला चूक दाखवणं क्रूरपणाच झाला असता. तिच्यासाठी चुकायला जागाच उरणार नाही असं काम शोधायचं होतं. साल निघालीच नाही, तर वाल तसाच राहतो, एवढंच. आणि त्या ताटातले वाल त्या दिवशी खरंच शिजले आणि पानात वाढले. ते तसेच फ्रीजमध्ये पडून राहिले असते, तर ती फसवणूक झाली असती.

आता आपल्या शिक्षणाच्या घरातलं दुखणं. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाची लाट आली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि परतल्यावर गावोगावी फरशीवर तळफळे रंगले. त्यातल्या एका शाळेत मी गेले, नाव सांगत नाही, तर मुलांना वर्गात भिंतीच्या कडेकडेने चालायची ताकीद होती. विचारलं का, तर रंग जातो. दुसऱ्या एका गावातल्या अंगणवाडीत शैक्षणिक साहित्याची पेटी कपाटात होती. कपाटाला कुलूप आणि पेटीवर मूळ प्लास्टिकही तसंच. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बाई, एक मणी हरवला तरी डेडस्टॉकला भरून द्यावा लागतो. तपासणीला नग मोजतात.’

मला त्या ताईंचा राग आला नाही. ज्या बाईला हरवलेल्या मण्याचा खुलासा लिहावा लागतो, ती मुलाला मणी हाताळू देणार नाही. मुलाने चुकावं असं आपण म्हणतो, पण बाईने चुकण्याची सोय आपण ठेवलेलीच नाही. तिच्या हातात शेवटचा दट्ट्या उरला की आपण नोटीस काढतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, खेळातून शिकण्याला मान दिला, त्याचं स्वागतच आहे. नवनव्या पेट्याही येत आहेत. पेट्यांबरोबर तेच रजिस्टर येणार असेल, तर कपाटं तेवढी वाढतील.

म्हणून अध्यक्षीय भाषणात सहसा होत नाही ते करते. उद्याच्या खुल्या अधिवेशनासाठी एक ठराव लिहून आणला आहे. अंगणवाडी आणि बालवर्गातलं मुलांनी हाताळून झिजलेलं, फुटलेलं किंवा हरवलेलं साहित्य निर्लेखित करण्याचा अधिकार त्या त्या ताईंना आणि वर्गशिक्षकांना असावा, त्याची वसुली होऊ नये, आणि तपासणीत शिल्लक नगांऐवजी झिजलेले नग पाहावेत, अशी शासनाकडे मागणी आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा कोरी ठेवली आहे. तिथे समोरच्या एखाद्या अंगणवाडीच्या ताईंचं नाव यावं, अशी माझी विनंती आहे. कागद व्यासपीठाच्या डाव्या टेबलावर आहे, पेनही तिथेच ठेवलं आहे.